पत्र आमदारांचे, रांग सगळ्यांची



आमच्या पार्ल्यात संध्याकाळी स्टेशनावर उतरून भाजीबाजारातून घराकडे निघालात, की वाटेत कुठे ना कुठे एखाद्या लोकप्रतिनिधीचे जनसंपर्क कार्यालय लागते. बाहेर पाटी, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल आणि टेबलावर लेटरहेडचा गठ्ठा. खुर्च्यांवर बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर एक पिशवी असते. पिशवीत रेशनकार्ड, आधार कार्ड, लाइट बिल, जुन्या अर्जांच्या झेरॉक्स. नंबर आला की माणूस पुढे सरकतो, पिशवी उघडतो आणि म्हणतो, ‘‘साहेबांचं एक पत्र मिळालं असतं तर बरं झालं असतं.’’

या पत्राविषयी आज मला बोलायचे आहे. ते मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. एकतीस वर्षे मी सरकारी नोकरी केली. उपनगरातल्या एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलापासून सुरुवात करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्या काळात आमदार-खासदारांची, नगरसेवकांची शेकडो पत्रे माझ्या हाताखालून गेली. निवृत्तीनंतर काही वर्षे आठवड्यातून दोन संध्याकाळी एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात बसून तशीच पत्रे लिहून देण्याचे काम केले. म्हणजे पत्र सुटते कसे तेही मला ठाऊक आहे आणि पोहोचल्यावर त्याचे काय होते तेही ठाऊक आहे.

लोकांना वाटते, पत्र म्हणजे हुकूम. पत्र गेले की काम झाले. काहींना अगदी उलट वाटते, की अशी पत्रे सरळ केराच्या टोपलीत जातात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

पत्र कार्यालयात आले की प्रथम आवक शाखेत जाते. जुनी माणसे तिला बारनिशी म्हणत. तिथे शिक्का बसतो, तारीख पडते, आवक क्रमांक मिळतो. साध्या अर्जालाही तो मिळतो. फरक त्यापुढे सुरू होतो. साधा अर्ज थेट संबंधित टेबलावर जातो. लोकप्रतिनिधीचे पत्र आधी साहेबांच्या समोर जाते आणि त्यावर साहेब हिरव्या किंवा लाल शाईने शेरा मारतात. या शेऱ्यांची एक भाषा असते. ‘तपासून नियमानुसार कार्यवाही करावी’ म्हणजे घाई नाही. ‘तातडीने सादर करा’ म्हणजे आज-उद्यात फाईल समोर पाहिजे. ‘चर्चा करावी’ असा शेरा आला, तर चर्चा होईपर्यंत फाईल जागची हलत नाही, आणि साहेबांना चर्चेला वेळ कधी होईल ते साहेबांनाच माहीत.

मग पत्र टेबलावर येते. ज्यांनी सरकारी कार्यालयात काम केले आहे, त्यांना सहा गठ्ठ्यांची पद्धत माहीत असेल. १९८० च्या दशकात अहमदनगरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयीन कामाची जी घडी बसवली, तिला ‘लखीना पॅटर्न’ म्हणतात. त्या वळणावर टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. आमदारांच्या पत्राला केराची टोपली कधी दिसत नाही. पण ते प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात जाऊ शकते. ‘दुसऱ्या कार्यालयाकडून अहवाल मागवला आहे’ एवढे लिहिले की कारकून मोकळा. तो अहवाल आला का, हे विचारायला कोणी आले नाही तर त्या गठ्ठ्यात महिने निघून जातात.

आणि लोकप्रतिनिधीला उत्तर काय जाते? ‘आपले उपरोक्त विषयावरील पत्र पुढील उचित कार्यवाहीस्तव अमुक कार्यालयाकडे पाठविण्यात आले आहे.’ अशी उत्तरे मी स्वतः किती लिहिली असतील, त्याची गणती नाही. उत्तर दिले गेले, नोंदवहीत निकाली म्हणून खूण झाली. अर्जदाराच्या हाती काय पडले? काही नाही. नंतर मी लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात बसू लागलो तेव्हा तीच उत्तरे माझ्यासमोर यायला लागली. मी लिहायचो तशीच, त्याच शब्दांत. आपलेच अक्षर आपल्याला वाचायला लागावे, तसे वाटले.

पत्र असे दुसरीकडे पाठवले जाते, याला नेहमीच कामचुकारपणा कारण नसतो. आमच्या पार्ल्याचेच पाहा. रेल्वेच्या पूर्वेला महापालिकेचा के-पूर्व विभाग, पश्चिमेला के-पश्चिम. रुळांच्या हद्दीतले पश्चिम रेल्वेचे. जमिनीचे आणि दाखल्यांचे काम अंधेरी तहसील, त्यावर वांद्र्याला उपनगरचे जिल्हाधिकारी. झोपडपट्टी पुनर्वसनाचे प्राधिकरण वेगळे, म्हाडा वेगळी. पश्चिम द्रुतगती महामार्ग आधी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, मग एमएमआरडीएकडे आणि २०२२ च्या अखेरीस महापालिकेकडे आला. या मधल्या काळात महामार्गालगतच्या पाण्याच्या निचऱ्याची तक्रार घेऊन येणाऱ्याला, पत्र नेमके कोणाच्या नावाने लिहायचे, हे सांगताना आम्हालाच दोन फोन करावे लागत.

त्यातून पार्ल्याला विमानतळाचे शेजार. विमानांच्या उड्डाणमार्गाखाली येणाऱ्या भागात, ज्याला आपण फनेल झोन म्हणतो, इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या इमारती, गळकी गच्ची, लिफ्ट नाही, घरात सत्तरी ओलांडलेली माणसे. पण उंचीची परवानगी केंद्राच्या अखत्यारीतल्या विमानतळ प्राधिकरणाची आणि बांधकामाची परवानगी महापालिकेची. असे रहिवासी आले आणि म्हणाले, ‘‘साहेबांचं पत्र द्या, दोन मजले वाढवून मिळतील,’’ तर काय सांगायचे? विमान उतरण्याची रेषा कोणाच्या लेटरहेडने वर जात नाही. हा प्रश्न विधानसभेत आणि संसदेत, नियम बदलण्याचा किंवा भरपाईच्या वेगळ्या योजनेचा म्हणूनच मांडावा लागतो. तिथे वैयक्तिक पत्राला अर्थ नसतो. हे त्या माणसाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगणे, ही त्याची खरी मदत. ‘पाठवतो पत्र’ म्हणून त्याची बोळवण करणे सोपे असते, आणि त्यात त्याची दोन वर्षे जातात.

आता नियम काय सांगतात ते थोडक्यात पाहू. आपल्या राज्यात २००५ चा एक कायदा आहे. नाव लांबलचक आहे, सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा. त्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या खात्याला विचारायची गरज नसेल तर पंचेचाळीस दिवसांत आणि विचारायची असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. हे सर्वांच्या फायलींना लागू आहे. पत्र असलेल्या आणि नसलेल्याही.

लोकप्रतिनिधींच्या पत्रांसाठी वेगळ्या सूचना आहेत. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत खासदाराच्या पत्राची पोच पंधरा दिवसांत आणि त्यापुढच्या पंधरा दिवसांत उत्तर, अशी अपेक्षा आहे. राज्य सरकारनेही वेळोवेळी परिपत्रके काढली. अलीकडचा शासन निर्णय नोव्हेंबर २०२५ मधला. आमदार-खासदार कार्यालयात आले तर अधिकाऱ्यांनी उठून उभे राहावे, नम्रपणे बोलावे, या सूचनांची वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली, थोडी थट्टाही झाली. त्याच निर्णयातल्या दुसऱ्या सूचना मात्र मागे पडल्या. लोकप्रतिनिधींच्या पत्रांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी, दोन महिन्यांत उत्तर द्यावे, तेवढ्यात जमणार नसेल तर तसे कळवावे. शिवाय क्षेत्रीय कार्यालयांच्या प्रमुखांनी महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी दोन तास नागरिकांसाठी आणि लोकप्रतिनिधींसाठी राखून ठेवावेत. माझ्यासारख्या जुन्या कारकुनाला विचाराल तर उभे राहण्यापेक्षा नोंदवही महत्त्वाची. साहेब उभे राहिले की नाही, हे दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही. नोंदवहीतली तारीख पुसता येत नाही.

आता पत्रांचे प्रकार. माझ्या हिशेबाने ते तीन.

पहिला दाखला. अमुक व्यक्ती अमुक ठिकाणी राहते, मी तिला ओळखतो, एवढेच. आधार कार्डावरच्या पत्त्यासाठी ठरावीक नमुन्यात आमदार, खासदार, नगरसेवक यांचे प्रमाणपत्र चालते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला, ज्याच्या नावावर ना बिल ना करारनामा, त्याला हा मोठा आधार असतो. इथे लोकप्रतिनिधी साक्षीदार असतो. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. या जवळजवळ चार वर्षांत शहरात एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकांच्या हाती होता. गटाराच्या झाकणापासून पत्त्याच्या दाखल्यापर्यंत जे काम गल्लीतल्या नगरसेवकाकडे होत असे, त्यासाठी लोक आमदारांच्या दारात उभे राहू लागले. गल्लीतल्या माणसाला ओळखणारा साक्षीदारच गेला, की दाखला मिळणे किती अवघड होते, ते तेव्हा कळले.

दुसरा प्रकार विचारणा. ‘अमुक यांनी अमुक तारखेला आपल्याकडे अर्ज केला, आवक क्रमांक अमुक. तो सध्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि विलंबाचे कारण काय, ते कळवावे.’ माझ्या मते हाच सर्वांत उपयोगी. एक उदाहरण सांगतो. एक निवृत्त गृहस्थ वारस म्हणून नाव लावण्यासाठी तीन वर्षे खेटे घालत होते. दर वेळी उत्तर एकच, ‘वर पाठवलंय.’ आम्ही चार ओळींची विचारणा केली. ती विचारणा शोधता शोधता कळले, की त्यांची फाईल वर गेलीच नव्हती. वडिलांच्या नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे तिच्यावर त्रुटीचा शेरा पडला होता आणि तो शेरा त्यांना कळवायचे राहून गेले होते. एक प्रतिज्ञापत्र दिले, काम मार्गी लागले. यात कोणी कोणावर उपकार केले नाहीत. कोणाची जागा घेतली नाही. अडकलेला धागा सापडला, इतकेच.

तिसरा प्रकार शिफारस. ‘हे माझे निकटचे कार्यकर्ते असून यांचे काम प्राधान्याने करावे.’ सर्वाधिक मागणी याच पत्राला असते. आणि याच पत्राची एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. ती माझीच आहे.

नोकरीत असताना काही काळ माझ्याकडे निराधार स्त्रियांच्या मासिक अनुदानाची प्रकरणे होती. चौकशी झाली की मी ती तारखेच्या क्रमाने लावायचो आणि समितीच्या बैठकीपुढे ठेवायचो. एका बैठकीत जितकी होतात तितकीच घ्यायचो. एका बैठकीच्या आदल्या दिवशी एक शिफारसपत्र आले. त्यावर साहेबांचा शेरा, ‘उद्याच्या बैठकीत ठेवा.’ अर्ज खरा होता, बाई खरोखरच गरजू होती. यादी पूर्ण झाली होती. मी तिची फाईल यादीत घातली आणि शेवटची एक फाईल बाहेर काढून पुढच्या बैठकीसाठी ठेवली. काढताना मी तिच्यावरचे नावही नीट वाचले नाही. एक फाईल एक महिना मागे गेली, यात विशेष ते काय, असे वाटले.

पुढची बैठक महिन्याने झालीच नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली. त्यानंतर साहेबांची बदली झाली. नवे साहेब येऊन स्थिरस्थावर होईपर्यंत आणखी काही आठवडे. मागे ठेवलेल्या फाईलीतली बाई दर महिन्याला येत असे. चार घरची धुणीभांडी करायची. त्या दिवशीची कामे बुडवून यायची. खिडकीशी उभी राहून विचारायची, ‘‘साहेब, माझं काय झालं?’’ मी सांगायचो, ‘‘बैठक व्हायची आहे, मावशी.’’ ते खोटे नव्हते. पाचव्या की सहाव्या महिन्यात तिने आवाज खाली करून विचारले, ‘‘साहेब, कोणाचं पत्र आणायचं असतं का?’’

मी म्हणालो, ‘‘नाही मावशी, पत्र लागत नाही.’’

नियमाने ते बरोबर होते. पण ती मागे राहिली होती ती दुसऱ्या कोणाच्या पत्रामुळेच, आणि हे त्या खिडकीशी फक्त मला माहीत होते. तिचे अनुदान पुढे मंजूर झाले. मधले महिने मात्र गेले ते गेलेच. मला कोणी जाब विचारला नाही. विचारणार तरी कोण? यादीतून फाईल बाहेर काढल्याची नोंद कुठेच नव्हती. शिफारसपत्र नोंदवहीत होते, ‘कार्यवाही पूर्ण’ म्हणून. त्या पत्राची किंमत कोणी मोजली, ते कोणत्याच वहीत नव्हते.

म्हणून मी म्हणतो, शिफारसपत्र लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला रांगेतला मागचा माणूस दिसत नाही. तो फक्त टेबलावरच्या कारकुनाला दिसतो. आणि कारकुनाने मान वर केली नाही तर त्यालाही दिसत नाही.

पत्राला निदान कागद तरी असतो. फोनचे काय? त्यावर आपल्या राज्यातले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावच्या तेव्हाच्या आमदारांच्या कुटुंबाविरुद्ध खासगी सावकारीची तक्रार एका शेतकऱ्याने केली होती. २००६ साली मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून त्या संदर्भात पोलिसांना फोन गेला. अशा फोनची सहसा कुठे खूण उरत नाही. पण त्या फोनची नोंद पोलिसांच्या दैनंदिनीत झाली. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सरकारला पंचवीस हजार रुपयांचा दंड केला. सरकार अपिलात गेले, तेव्हा १४ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वाढवून दहा लाख केला आणि मुख्यमंत्र्यांच्या हस्तक्षेपावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख त्या वेळी केंद्रात मंत्री होते.

या निकालावर पुष्कळ लिहिले गेले. माझ्या मनात राहिली ती दैनंदिनीतली नोंद. लिहिणाऱ्याने काय विचार करून ती केली असेल, कोण जाणे. कदाचित रोजची सवय म्हणून केली असेल. पण ती नसती तर न्यायालयापुढे दाखवायला फारसे काही उरले नसते. सरकारी कामात लिहून ठेवण्याला कंटाळवाणे मानतात. पण सामान्य माणसाचे रक्षण पुष्कळदा अशा कंटाळवाण्या ओळींनीच होते.

इतर देशांत हे कसे चालते? इंग्लंडमध्ये खासदार मतदारसंघात लोकांना भेटायला बसतात, त्या बैठकीला ‘सर्जरी’ म्हणतात, जणू डॉक्टरांचा दवाखानाच. तिथल्या १९६७ च्या कायद्याने सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र अधिकारी नेमला आणि त्याच्याकडे तक्रार खासदारामार्फतच जावी, असा नियम केला. आपल्याकडे लोकायुक्तांचा कायदा १९७१ चा. तिथे नागरिक स्वतः जाऊ शकतो, मध्ये आमदार लागत नाही. हा मुद्दा आपल्या बाजूने आहे, हे विसरू नये.

अमेरिकेतली एक पद्धत मात्र घेण्यासारखी वाटते. तिथे काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला एखाद्या नागरिकाच्या प्रकरणाची माहिती सरकारी खात्याकडून हवी असेल, तर आधी त्या नागरिकाचे सहीनिशी संमतिपत्र लागते. १९७४ च्या त्यांच्या खासगीपणाच्या कायद्यामुळे ही शिस्त आली. आपल्या जनसंपर्क कार्यालयांत मात्र लोकांचे आजारपणाचे कागद, घटस्फोटाचे हुकूम, बँकेची पासबुके टेबलावर पसरलेली असतात आणि मागच्या खुर्चीवरचा माणूस ती सहज वाचू शकतो. तुमची गरज घेऊन तुम्ही आलात म्हणजे तुमची लाज बाहेर ठेवून आलात, असे थोडेच आहे?

लोकप्रतिनिधींनी हे काम करूच नये का? ‘आमदारांचे काम कायदे करण्याचे, गटारे साफ करून घेण्याचे नव्हे,’ असे आमच्या टिळक मंदिराच्या वाचनालयात बसणारे काही मित्र म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. लोकांच्या पिशव्यांत जे कागद असतात, त्यांतूनच कायदा कुठे दुखतो ते कळते. फक्त ते एकेकटे सोडवून भागत नाही. एकाच कार्यालयातल्या एकाच दाखल्यासाठी महिन्यात चाळीस माणसे आली, तर चाळीस पत्रे लिहिण्यापेक्षा ती चाळीस प्रकरणे एकत्र मांडून विधानसभेत एक तारांकित प्रश्न विचारावा, लक्षवेधी मांडावी. मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिले तर ते पाळले की नाही, हे पाहायला आश्वासन समिती आहे. विनंती अर्ज समिती आहे. ही साधने पत्रापेक्षा कितीतरी दमदार आहेत आणि त्यांत कोणाची जागा कोणाला मिळत नाही, रांगच पुढे सरकते.

आमच्या पश्चिम उपनगरांनी हे एकदा पाहिलेही आहे. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ मध्ये महापालिकेत निवडून गेल्या, १९७२ मध्ये विधानसभेत. त्यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. हे नाव एखाद्या घराला नळजोडणी मिळवून दिल्यामुळे पडलेले नाही. साऱ्या वस्तीच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी रस्त्यावर आणि सभागृहात लावून धरला, म्हणून पडले.

जाता जाता, पिशवी घेऊन त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींना चार गोष्टी सांगतो. पहिली, पत्र मागण्याआधी मूळ अर्ज संबंधित कार्यालयात द्या आणि त्याची पोच, आवक क्रमांकासह, घ्या. क्रमांकाशिवायचे पत्र म्हणजे पत्त्याशिवायचे पाकीट. दुसरी, तुमचे काम लोकसेवा हक्क कायद्यातल्या अधिसूचित सेवेत बसते का, ते पाहा. २८ एप्रिल २०१५ पासून हा कायदा लागू आहे. त्यात प्रत्येक सेवेला मुदत आहे, मुदत चुकली तर त्याच खात्यात दोन अपिले आहेत, नंतर आयोग आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडही आहे. त्यासाठी कोणाचे पत्र लागत नाही. तिसरी, महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे लोकशाही दिन असतो, आणि फाईल कुठे आहे हे माहितीच्या अधिकारात विचारले तर तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. चौथी, एवढे करूनही अडले तर लोकप्रतिनिधीकडे जरूर जा. पण ‘माझे काम आधी करा’ असे पत्र मागू नका. ‘माझे काम कुठे अडले आहे ते कळवा’ असे मागा. पत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि उत्तर आले का, ते विचारायला पुन्हा जा. प्रतीक्षाधीन गठ्ठा त्यानेच सुटतो.

लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात मी मसुदे लिहीत होतो, तेव्हा ‘प्राधान्याने’ हा शब्द शक्यतो टाळत असे. काही जण नाराज व्हायचे. म्हणायचे, ‘‘काका, जरा जोरदार लिहा की.’’ मी म्हणायचो, जोरदारच आहे. खाली तारीख आहे, क्रमांक आहे आणि प्रश्न आहे. त्याला उत्तर द्यावेच लागेल.

त्यांना खिडकीशी उभ्या राहिलेल्या त्या मावशींची गोष्ट मी सांगत नसे. आज तुम्हाला सांगितली. ‘‘कोणाचं पत्र आणायचं असतं का?’’ हा त्यांचा प्रश्न आजही रोज कुठल्या ना कुठल्या कार्यालयाच्या खिडकीशी विचारला जात असेल. त्यावर ‘‘नाही, लागत नाही’’ असे उत्तर देताना खिडकीच्या आतल्या माणसाला मान खाली घालावी लागू नये, एवढेच माझे मागणे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)